इंदिरानगरातले चोवीस तास

"आई, बंगळूरला हॅकेथॉन आहे. आमच्या गटाची निवड झालीय. जाऊ ना?"

लेकीने विचारले तेव्हा मी ताटात तांदूळ घेऊन निवडत बसले होते. हॅकिंग म्हणजे दुसऱ्याच्या संगणकात शिरून चोरी करणे, एवढेच मला ठाऊक. त्यामुळे तोंडातून पटकन निघून गेले, "अगं, पोलीस पकडतील ना!"

ती पोट धरून हसली. मग तिने समजावून सांगितले. हॅक म्हणजे इथे चोरी नव्हे, तर हाताशी असेल त्यातून झटपट काहीतरी चालते करणे. त्याला मॅरेथॉनचे शेपूट जोडले की झाले हॅकेथॉन. हा शब्द १९९९ साली संगणकवाल्यांमध्ये रूढ झाला. आपल्याकडे २०१७ पासून केंद्र सरकार 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन' भरवते. त्यात मुले सलग ३६ तास बसून एखाद्या खात्याच्या अडचणीवर उपाय शोधतात. लेकीची स्पर्धा त्या मानाने लहान होती. फक्त विद्यार्थ्यांसाठी, चोवीस तासांची. अट एकच, जे काही बनवायचे ते कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरून बनवायचे.

ही अट ऐकून घरात दुसराच वाद सुरू झाला. "प्रोग्रॅम यंत्रच लिहिणार असेल, तर चार वर्षांची फी आपण कशासाठी भरतोय?" लेकीचे बाबा म्हणाले. ते चेष्टेने बोलले, पण प्रश्न चेष्टेचा नव्हता. माझ्याही मनात तो कित्येक महिने घर करून होता. ज्यांची मुले संगणक शिकताहेत, त्या सगळ्याच घरांत आज हा प्रश्न आहे. म्हटले, चला, आपणही जाऊन डोळ्यांनी पाहू या. शिवाय इंदिरानगरात आमचे चुलतसासरे राहतात. त्यांना भेटून बरीच वर्षे झाली होती.

मिरजेहून बंगळूर

लेक सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकते. बरोबर तिच्या दोन मैत्रिणी. चौथा गडी विजयपूरचा, शिकायला बंगळुरात. त्याची नि मुलींची ओळख फोनवरचीच. नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी दुपारी आम्ही मिरजेला राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये बसलो. बेळगावला कुंदा घेतला, धारवाड येईपर्यंत डबा उघडला. मुलींची चर्चा मात्र थांबेना. कोणता विषय घ्यायचा ते अजून ठरत नव्हते.

"मामाच्या द्राक्षांचं काहीतरी करू या," लेक एकदम म्हणाली.

माझा भाऊ तासगाव तालुक्यात द्राक्षबाग करतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला, ढगाळ हवा राहिली, की त्याची झोप उडते. पानावर डाग दिसला तर तो डाऊनीचा की करप्याचा, हे वेळेवर कळायला हवे. चुकीच्या औषधाने पैसा जातो आणि बागही जाते. मुलींनी ठरवले ते असे: शेतकऱ्याने पानाचा फोटो काढायचा, आपल्या बोलीत प्रश्न विचारायचा आणि फोनने त्याच बोलीत उत्तर द्यायचे. विजयपूरच्या मुलाला कळवले, तर तो हरखूनच गेला. त्याच्याही घरी द्राक्षबाग! म्हणाला, "मग मराठीबरोबर कन्नडही करू." सीमेच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, वेलीवरचा रोग सारखाच.

सकाळी बंगळूरला उतरलो. स्टेशनजवळच मॅजेस्टिकची मेट्रो. जांभळ्या मार्गाने सातवे स्टेशन इंदिरानगर. वाटेत एका स्टेशनला सर एम. विश्वेश्वरय्यांचे नाव आहे. ते अभियांत्रिकी शिकले आपल्या पुण्यात आणि खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी बसवलेले स्वयंचलित दरवाजे प्रसिद्ध आहेत. कब्बन पार्कपर्यंत गाडी भुयारातून जाते आणि मग उंच पुलावर येते. खाली झाडीच झाडी दिसते. याच मार्गाचा पहिला तुकडा २० ऑक्टोबर २०११ रोजी सुरू झाला, तेव्हा ती दक्षिण भारतातली पहिली मेट्रो ठरली.

विमानांच्या सावलीतली वसाहत

माझ्या लेकीला इंदिरानगर माहीत होते ते राहुल द्रविडमुळे. २०२१ साली एका जाहिरातीत हा शांत माणूस वाहतुकीत अडकून भडकतो आणि आपण इंदिरानगरचे गुंड असल्याचे ओरडून सांगतो. देशभर लोक हसले. द्रविड मूळचा मराठी घरातला, जन्म इंदूरचा, वाढला मात्र बंगळुरात.

तसे या शहराशी मराठी माणसाचे नाते जुने. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली ती १६३८च्या सुमारास. इंदिरानगर मात्र अलीकडचे, १९७० आणि ८०च्या दशकांत आखून वसवलेले. सरळ रस्ते, त्यांना 'मेन' आणि 'क्रॉस' अशी नावे, आणि दोन्ही बाजूंना सावली धरणारी झाडे. नोव्हेंबरात टॅबेबुयाच्या गुलाबी फुलांचा सडा पडलेला असतो. शंभर फुटी रस्त्यावर आणि बाराव्या मेनवर जुन्या बंगल्यांच्या जागी कपड्यांची दुकाने, कॉफीगृहे आणि पब आले आहेत. पण एखाद्या क्रॉसला वळले, की तुळशीवृंदावन, दारापुढची रांगोळी आणि झोपाळ्यावरचे आजोबा अजून भेटतात.

आमचे काका अशाच एका घरात राहतात. वय ८२. आयुष्यभर हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये नोकरी केली. इथल्या जुन्या वस्तीत विमान कारखान्यातले आणि लष्करातले निवृत्त लोक पुष्कळ. पत्त्यात आजही 'एचएएल सेकंड स्टेज' असे लिहितात.

"सूनबाई, पोरगी वालचंदला शिकते म्हणालीस ना? मग ती आपल्या घरीच आली म्हण की!" काकांनी दारातच स्वागत केले.

मला काही उमगेना. काकूंनी फिल्टर कॉफी आणली आणि काकांनी उलगडा केला. ज्या विमान कारखान्याच्या आसऱ्याने हा सारा भाग वाढला, तो सुरू केला सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. डिसेंबर १९४० मध्ये, म्हैसूर संस्थानाच्या मदतीने. तेव्हा दिवाण होते मिर्झा इस्माईल. ज्यांचे नाव सांगलीच्या कॉलेजवर रोज वाचतो, त्यांनी लावलेल्या झाडाखाली आपण बसलो आहोत, हे ऐकून मला गंमत वाटली.

मुली मात्र घाईत होत्या. दहाला स्पर्धा सुरू होणार होती.

यंत्र बोलते, पण...

स्पर्धेची जागा घरापासून चालत दहा मिनिटांवर. पालकांना रात्री नऊपर्यंत मागच्या बाकावर बसायला परवानगी होती. मी धपाट्यांचा डबा घेऊन बसले. मोठे दालन, जमिनीवर गाद्या, पायांत वायरींचे जाळे आणि शे-सव्वाशे मुले. तमिळ, तेलुगू, मल्याळम, हिंदी, सगळ्या भाषा कानावर येत होत्या.

खरे सांगते, पहिल्या दोन तासांत माझा धीर सुटला. लेकीने साध्या इंग्रजीत यंत्राला सांगितले, असा असा पडदा हवा, इथे फोटो घेण्याचे बटण, इथे बोलण्याचे. आणि पडद्यावर प्रोग्रॅमच्या ओळी झरझर उमटू लागल्या. जे काम करायला पूर्वी मुलांना आठवडे लागत, ते जेवणाच्या आत उभे राहिले. बाबांचा प्रश्न माझ्या कानात घुमू लागला.

संध्याकाळी सातच्या सुमारास लेक म्हणाली, "आता मामाला फोन लावू या. खरी परीक्षा त्याच्याकडेच."

भावाने आपल्या पद्धतीने विचारले, "बागेत भुरी दिसाय लागलीया, काय करू?" यंत्राने अत्यंत गोड मराठीत उत्तर दिले. पानांवरच्या तपकिरी डागांबद्दल! तिकडून भाऊ खो खो हसत सुटला. "अगं पोरी, भुरी म्हंजे पांढरी पावडर धरती पानावर नि मण्यावर. हे कुठल्या गावचं बोलतंय?"

मुलींनी डोक्याला हात लावला. यंत्राने 'भुरी' हा शब्द हिंदीतल्या 'भूरा' म्हणजे तपकिरी या शब्दाशी जोडला होता.

असे का व्हावे? लेकीने मला समजेल असे सांगितले. ही यंत्रे अफाट मजकूर वाचून तयार झालेली असतात. कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, हे ती शिकतात आणि त्यावरून वाक्ये जुळवतात. ज्या भाषेतला मजकूर भरपूर, तिथे पाया पक्का. मराठीतला मजकूर इंग्रजीच्या मानाने फारच थोडा, त्यातही तासगावच्या बागायतदाराची बोली कुठून येणार? पण यंत्र अडखळत नाही. जे माहीत आहे आणि जे माहीत नाही, ते दोन्ही सारख्याच ऐटीत सांगते. खोटा माणूस निदान नजर चुकवतो. याला नजरच नाही.

ज्या रचनेवर आजची ही यंत्रे उभी आहेत, ती २०१७ साली गूगलमधल्या संशोधकांच्या एका निबंधातून पुढे आली. त्या आठ लेखकांत निकी परमार आहेत, पुण्याच्या पीआयसीटीत शिकलेल्या. हे ऐकून मैत्रिणींपैकी एकीचे डोळे चमकले. "म्हणजे आपल्यासारखीच कुणीतरी," ती म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

रात्री एकचा फोन

नऊ वाजता मी काकांकडे परतले. पुढचे महाभारत सकाळी लेकीकडून कळले.

भुरीचा घोळ सोडवून झाल्यावर मुलांनी यंत्राला औषधाचे प्रमाण विचारले. एकदा विचारले तर एक आकडा आला, शब्द बदलून विचारले तर दुसरा. कोणता खरा? विजयपूरच्या मुलाला शंका आली. रात्री एक वाजता त्यांनी पुन्हा माझ्या भावाला फोन केला. तो जागाच होता. शेतीची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती आणि तो मोटार सुरू करायला बागेत गेला होता.

आकडा ऐकून त्याचे हसू पळाले. "ह्या हिशेबानं फवारलं तर बागेचं वाटोळं हुईल की! हे हेक्टरचं माप दिसतंय, एकराचं न्हवं."

खरेच तसे होते. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. यंत्राने हेक्टरचा आकडा एकराच्या नावावर खपवला होता. म्हणजे अडीचपट औषध! त्यात वेल पोळली नाही तरी मण्यांत औषधाचा अंश राहतोच. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडल्याने आपली द्राक्षे युरोपात अडकून पडली होती आणि कित्येक बागायतदार कर्जात बुडाले होते. भावाला तो काळ विसरता येत नाही.

मुलांमध्ये जोरदार वाद झाला. एक मैत्रीण म्हणाली, "प्रमाण सांगणं हाच आपला मुख्य भाग आहे. तो काढला तर परीक्षकांना काय दाखवणार? पाच मिनिटांत त्यांना कुठे कळणार आहे?" लेक गप्प राहिली. मग म्हणाली, "परीक्षकांना नाही कळणार. पण मामा खरंच फवारेल."

एवढ्या एका वाक्यावर निर्णय झाला. प्रमाण सांगणारा भाग त्यांनी काढून टाकला. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. त्या केंद्राने छापलेल्या माहितीतलाच उतारा शोधून दाखवायचा आणि उताऱ्यात उत्तर नसेल, तर 'मला माहीत नाही, कृषी सहायकांना विचारा' असे सांगायचे, असा नियम त्यांनी यंत्राला घातला. गंमत म्हणजे सगळ्यात जास्त वेळ गेला तो याच कामात. गोड बोलायला यंत्र काही मिनिटांत शिकले. 'माहीत नाही' म्हणायला शिकवताना पहाट झाली.

बक्षीस दुसऱ्यांना

रविवारी दहानंतर प्रत्येक गटाला पाच मिनिटे मिळाली. एकेक कल्पना पाहून थक्क व्हायला होत होते. आमच्या चौघांची पाळी आली. लेकीने मराठीत प्रश्न विचारला, विजयपूरच्या मुलाने कन्नडमध्ये. दोन्ही उत्तरे नीट आली. तिसऱ्या प्रश्नाला फोन म्हणाला, "मला माहीत नाही." सभागृहात हशा पिकला.

एका परीक्षकांनी विचारले, "औषधाचं प्रमाण का नाही सांगत?"

"आम्ही मुद्दाम काढलं," लेक म्हणाली. "आम्हाला ते तपासता आलं नाही." आणि रात्रीचा सगळा प्रकार तिने सांगून टाकला.

परीक्षकांनी मान डोलावली, वहीत काहीतरी लिहिले. पण बक्षीस दुसऱ्या गटांना मिळाले. मुलींचे चेहरे उतरले. मी काही बोलले नाही. अशा वेळी आयांनी डबा उघडावा, उपदेश करू नये, हे मी अनुभवाने शिकले आहे.

जोडणी आणि निर्मिती

दुपारी दोन तास झोप काढल्यावर काका म्हणाले, "चला, तुम्हाला एक जागा दाखवतो." ते आम्हाला जुन्या विमानतळ रस्त्यावरच्या एचएएलच्या संग्रहालयात घेऊन गेले. हे संग्रहालय २००१ साली सुरू झाले. बाहेर हिरवळीवर 'मारुत'सारखी विमाने मांडली आहेत, आत १९४० पासूनची छायाचित्रे. बंगळूरला जाणाऱ्या मुलाबाळांच्या कुटुंबाने ते जरूर पाहावे.

एका जुन्या छायाचित्रापाशी काका थांबले. "पोरींनो, पहिलं विमान इथून १९४१ साली उडालं. पण ते आपलं नव्हतं. अमेरिकन आराखडा, सुटे भाग तिकडून आलेले. आपण फक्त जोडलं. लोक तेव्हाही म्हणाले असतील, यात तुमची काय करामत?"

"मग?" लेकीने विचारले.

"मग बरोबर दहा वर्षांनी, ऑगस्ट १९५१ मध्ये, एचटी-२ उडालं. आराखडा इथलाच. तो करणारे डॉ. विष्णू माधव घाटगे, मराठी माणूस. जर्मनीत ग्योटिंगेनला प्रांटल या नामांकित शास्त्रज्ञाच्या हाताखाली वायुगतिशास्त्र शिकून आलेले. जोडणी हा पहिला धडा होता गं. पण नुसते स्क्रू पिळत बसलो असतो, तर दहा काय, पन्नास वर्षांनीही दुसऱ्याचंच विमान जोडत बसलो असतो. विमान का उडतं, हे ज्याला कळत होतं, त्यानंच पुढचं विमान बनवलं."

मुली कितीतरी वेळ त्या छायाचित्रासमोर उभ्या होत्या.

मला तिथे बाबांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. आज आपली मुले परक्या यंत्रांवर आपली कामे जोडताहेत, यात कमीपणा नाही. कुठूनतरी सुरुवात होतेच. भाषांसाठी २०२२ साली केंद्र सरकारने 'भाषिणी' हा उपक्रम सुरू केला. मार्च २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी सुमारे १०,३७२ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये देशी भाषा-यंत्र घडवण्यासाठी बंगळूरच्याच 'सर्वम एआय' या कंपनीची निवड झाली. म्हणजे जोडणीकडून निर्मितीकडे पावले पडू लागली आहेत. पण त्या वाटेवर उपयोगी पडेल तो प्रोग्रॅम टंकणारा हात नव्हे. उत्तर चुकले आहे हे ओळखणारे डोके लागेल, आणि ते डोके पायाभूत अभ्यासाशिवाय तयार होत नाही. फी त्यासाठी भरायची. हेक्टर आणि एकर यांतला फरक ज्याच्या अंगात मुरला आहे, असा मामाही हाताशी हवा, हे वेगळे सांगायला नको.

रात्री काकूंनी दहीभात बांधून दिला. "पुढच्या वेळी चार दिवस काढून या," म्हणाल्या. मेट्रोच्या पुलावरून इंदिरानगरचे दिवे मागे जाताना दिसले. गाडीत बसताच मुली गाढ झोपल्या.

सोमवारी दुपारी मिरजेला उतरलो. लेकीने तिथूनच मामाला फोन लावला. मला वाटले, बक्षीस हुकल्याचे सांगत असेल.

"मामा, येत्या रविवारी येते. दिवसभर बागेत राहीन," ती म्हणत होती. "भुरी, डाऊनी, करपा, सगळं पानावर दाखव मला. वही घेऊन येते."

पलीकडून भाऊ काय बोलला ते मला ऐकू आले नाही. लेक मात्र हसत म्हणाली, "हो रे, एकराच्याच हिशेबाने!"